साका आणि निवळी

साल १८८५, महिना वैशाखाचा. तुम्ही आहुप्याच्या रानात, घोड नदीच्या उगमाकडच्या अंगाला, हिरड्याच्या झाडाखाली उभे आहात. शंभरेक पावलांवर घाटमाथा संपतो आणि सरळ खाली कोकण सुरू होतं. कडा चढून आलेला वारा घामेजल्या मानेला लागतो. वर फांदीवर एक पोरगा चढलाय. तो फांदी गदगदा हलवतो आणि हिरवे, बोटाच्या पेराएवढे हिरडे तुमच्या खांद्यावर, पायाशी, पाचोळ्यात टपटप पडतात. हा बाळहिरडा. आतली आठळी अजून टणक व्हायची आहे. खाली वेचणाऱ्या बायकांनी पदर कमरेला खोचलेत. टोपल्या भरत आल्यात.

त्यांच्यातली एक थोराड बाई तुमच्याकडे बघते. महादेव कोळ्यांच्या वाडीवर परका माणूस आला तर तो जंगलखात्याचा असतो नाही तर सावकाराचा, म्हणून नजर आधी संशयाची. मग ती एक हिरडा तुमच्यापुढे धरते.

"पाव्हणं, गिळू नका. नुसता गालात धरा."

तुम्ही चावता. तोंड आकसतं, जीभ टाळ्याला चिकटते, गालाची आतली कातडी कुणी ओढून बांधल्यासारखी होते. थुंकावंसं वाटतं, पण ती हसून मान हलवते आणि भोपळ्यातलं पाणी ओंजळीत ओतते. "आता प्या." ते पाणी गोड लागतं, साखर घातल्यासारखं.

तुमच्या तोंडात आत्ता जे झालं त्यातच या सगळ्या प्रवासाचं मूळ आहे. हिरड्यातल्या टॅनिननं तुमच्या लाळेतली प्रथिनं धरून ठेवली, म्हणून तोंड कोरडं पडलं. कमावणाऱ्याच्या कुंडात हेच टॅनिन जनावराच्या कातड्यातली प्रथिनं धरतं आणि कातडं सडायचं थांबतं. या टॅनिनची ढोबळ रचना अशी: मधोमध साखरेचा एक रेणू आणि त्याला चहूबाजूंनी जोडलेले आम्लाचे रेणू. त्यातलं मुख्य आम्ल गॅलिक. वाळल्या हिरड्याच्या वजनाचा जवळपास तिसरा हिस्सा टॅनिनचा असतो, म्हणजे आम्ल भरपूर आहे, पण बांधलेलं. ते कुणीतरी सोडवायला हवं आणि सोडवल्यावर बाकीच्या पसाऱ्यातून निवडून काढायला हवं. सोडवण्याचं काम निसर्ग फुकट करतो. निवडण्याचं काम माणसाला करावं लागतं आणि मालाला किंमत तिथे येते. मी तुम्हाला फिरवणार आहे ते त्या निवडण्यासाठी.

चला, कातळावर या. वेचलेला हिरडा इथे उन्हात पसरलाय. हिरवा रंग दोन दिवसांत तपकिरी होतो, मग काळा, साल सुरकुतते, मुठीत घेऊन हलवला की खड्यांसारखा वाजतो. शेजारी एक म्हातारा कोयत्यानं मोठे हिरडे चिरतोय आणि कोयत्याचं पातं निळंकाळं झालंय. लोखंड आणि हिरडा भेटले की असा रंग येतोच. हे लक्षात ठेवा, शेवटच्या मुक्कामाला हा रंग आपल्याला नडणार आहे.

संध्याकाळी वळीव येतो. धावाधाव होते, बहुतेक हिरडा घोंगड्यांखाली जातो, पण कातळाच्या खोलगटातला एक ढीग भिजतो तो भिजतोच. चार दिवसांनी त्या ढिगावर काळी भुकटी दिसते, काजळीसारखी बारीक. बोट लावलं की बोट काळं.

"बुरा आला," म्हातारा म्हणतो. "वाणी आता हात लावायचा न्हाई ह्येला."

खरंच लावत नाही. वाणी येतो, तराजू त्याचा, वही त्याची, हिशेबाची भाषाही त्याची. चांगला हिरडा तो त्याच्या भावानं घेतो, भिजलेला बाजूला ढकलतो, आणि मीठ, धान्य, मागचं देणं वळतं करून जे उरतं ते म्हाताऱ्याच्या हातावर ठेवतो. दहा वर्षांपूर्वी याच डोंगररांगेतल्या जांभोरीचा होन्या केंगले सावकारांविरुद्ध उठला होता, तो असल्याच वह्यांमुळे. त्या वहीत या रानाची किंमत पोत्यावर लावलेली आहे. पोत्याच्या आत काय आहे, हे वाण्यालाही ठाऊक नाही.

पोतं बैलाच्या पाठीवर चढतं. त्याला धरून राहा.

आगगाडी, मुंबईचा धक्का, बोट, आणि मग थेम्स नदीच्या दक्षिण काठावरचं बर्मंडझी. साल १८८६. वास आधी येतो: चुन्याचा, ओल्या कातड्याचा, आणि त्यात मिसळलेला हिरड्याचा तुरट वास, जो तुम्ही एकटेच ओळखता. लंडनच्या बाजारात हिंदुस्थानी हिरड्याच्या प्रती बंदरांच्या आणि शहरांच्या नावांनी चालतात, भिमलीज, जबलपूर्स, व्हिंगोर्लाज. हे शेवटचं नाव आपल्या वेंगुर्ल्याचं. आहुप्याचं नाव कुठेच नाही.

कारखान्यात लाकडी हौदांमध्ये हिरड्याचा काढा भरलाय. एका हौदावर जाड, सुरकुतलेली साय धरलीय, कुठे करडी, कुठे काळी. तिथला कारागीर ती काठीनं ओढून काढतो आणि वैतागतो. त्याला अनुभवानं ठाऊक आहे की साय धरलेल्या काढ्याचा तुरटपणा जातो, तो आंबट होतो आणि कातडं कमावायला दुबळा पडतो. तळाशी पिवळट गाळही बसतो. तोच गाळ कमावलेल्या कातड्यावर फिक्या पुटासारखा दिसतो. कारागीर साय फेकतो, गाळ फेकतो, हौदात ताजा हिरडा टाकतो. त्याचं बरोबर आहे. त्याला कातडं कमवायचंय आणि सुटं गॅलिक आम्ल कातडं कमवत नाही. त्याच्यासाठी हा नासलेला माल.

आता बरोबर शंभर वर्षं मागे. अंगावर घोंगडी घ्या.

१७८६, स्वीडनमधलं कोपिंग. गाव लहान, खोली थंड, खिडकीच्या काचेवर बर्फ. हे औषधांचं दुकान कार्ल विल्हेल्म शेलेचं. ऑक्सिजन ज्यानं सर्वांत आधी वेगळा काढला तोच हा माणूस, पण आज त्याच्या टेबलावर फक्त एक काचेचं भांडं आहे, तोंड उघडं, वर नुसता कागद. आत मायफळाचं पाणी. बाळगुटीच्या सहाणेवर हिरड्याशेजारी उगाळलं जातं तेच मायफळ, ओकच्या झाडावर किड्यामुळे धरणारी गाठ. तिच्यातही टॅनिन ठासून भरलेलं असतं.

भांड्यात वाकून पाहा. पाण्यावर साय धरलीय. बर्मंडझीच्या हौदावर होती तीच आणि आहुप्याच्या भिजलेल्या ढिगावर होती तीच जात. दुसऱ्या कुणी हे भांडं गटारात ओतलं असतं. शेले आठवड्यांमागून आठवडे ते तसंच ठेवतो. मधूनच चव घेतो. पदार्थ चाखून ओळखायची त्याची सवय त्या काळच्या रसायनशास्त्रज्ञांतही धाडसाचीच म्हणायची. तुरटपणा कमी होत जातो, आंबटपणा वाढत जातो आणि तळाशी करडा पिवळट साका जमतो.

आता तो काय करतो ते नीट बघा, कारण पुढची सगळी विद्या यात आहे. वरचं पाणी तो ओतून टाकतो. साक्यावर थंड पाणी घालून धुतो. साका जवळजवळ तसाच राहतो. मग त्याच साक्यावर आधणाचं पाणी घालतो आणि त्यातला बराचसा भाग बघता बघता विरघळतो. गरम असतानाच गाळतो. गाळलेली निवळी हळूहळू आटवून थंड व्हायला ठेवतो. तुमच्या डोळ्यांसमोर काचेच्या भिंतीला बारीक, चमकत्या सुया धरायला लागतात.

एवढंच. ना चुना, ना तेजाब. गॅलिक आम्लाचा एक स्वभाव शेलेनं पकडला. लिटरभर थंड पाण्यात ते जेमतेम ११-१२ ग्रॅम विरघळतं, उकळत्या पाण्यात मात्र ३०० ग्रॅमच्या वर. गार आणि गरम यांच्यातल्या या दरीत घाण एका बाजूला पडते आणि आम्ल दुसऱ्या बाजूला.

दोनच वर्षांपूर्वी, १७८४ मध्ये, याच माणसानं लिंबाच्या रसातलं सायट्रिक आम्ल वेगळ्या वाटेनं काढलं होतं. रसात खडू घालायचा, आम्ल चुन्याला धरून कॅल्शियम सायट्रेट होऊन खाली बसतं. तो साका धुवायचा आणि गंधकाच्या तेजाबानं आम्ल परत मोकळं करायचं, चुना जिप्सम होऊन मागे राहतो. १७८० मध्ये आंबलेल्या ताकाच्या निवळीतून लॅक्टिक आम्ल काढतानाही त्यानं चुना वापरला होता. मग इथे का नाही? कारण चुन्याच्या संगतीत पाणी अल्कधर्मी होतं आणि अल्कधर्मी पाण्यात गॅलिक आम्ल हवेतला ऑक्सिजन घेऊन हिरवटकाळं पडतं, त्याचं मातेरं होतं. प्रत्येक आम्लाचा स्वभाव वेगळा, त्याला सोडवून आणायची वाट वेगळी. शेलेची ही नजर मला त्याच्या ऑक्सिजनहून थोर वाटते.

फार वेळ थांबता येणार नाही. तो आजारी आहे. याच वर्षी २१ मे रोजी, वयाच्या ४३ व्या वर्षी, तो जाईल. आणि जाताना त्याला हे कळलेलं नसेल की त्याच्या भांड्यात आम्ल नेमकं केलं कोणी.

ते कळायला १८६७ साल उजाडावं लागतं. पॅरिसमध्ये फिलिप व्हान तिघेम नावाचा, पाश्चरच्या तालमीत तयार झालेला तरुण वनस्पतिशास्त्रज्ञ टॅनिनच्या द्रावणाची भांडी मांडून बसलाय. उकळून, हवा आत जाणार नाही असं बंद केलेलं भांडं जसंच्या तसं राहतं. हवा आणि बुरशीचे बीजाणू मिळालेलं भांडं सायीनं झाकलं जातं आणि त्यात गॅलिक आम्ल होतं. म्हणजे आम्ल आपोआप होत नव्हतं, ही करणी जिवंत बुरशीची होती. त्या काळ्या बुरशीला त्यानं त्याच वर्षी नाव दिलं, ॲस्परजिलस नायजर. आहुप्याच्या कातळावर तुमचं बोट काळं झालं ते हिच्या किंवा हिच्या भाऊबंदांच्या बीजाणूंनी.

ती करते काय, हेही इथेच समजून घ्या. टॅनिन बहुतेक सूक्ष्मजीवांना मारक असतं, म्हणून तर हिरड्याच्या पाण्यात सहसा काही वाढत नाही. ही बुरशी मात्र टॅनेज नावाचं विकर सोडते. ते साखर आणि आम्ल यांच्यातली गाठ तोडतं. साखर ती स्वतः खाते. आम्ल पाण्यात मोकळं होतं. पण साखर संपली आणि तुम्ही गाफील राहिलात, तर ती आम्लही खायला लागते. त्या कातळावरचा ढीग चार दिवसांनी कामाचा होता, महिन्यानं नसता.

याच बुरशीनं पुढे आणखी मोठा उद्योग उभा केला, तो धावत बघून घेऊ. अमेरिकेत जेम्स करी यानं १९१७ मध्ये दाखवून दिलं की ॲस्परजिलस नायजरला भरपूर साखर आणि आंबट पाणी दिलं तर ती ढिगानं सायट्रिक आम्ल करते. १९१९ पासून ब्रुकलिनमध्ये फायझरनं त्याचं उत्पादन सुरू केलं आणि सिसिलीच्या लिंबांची सद्दी संपत गेली. आम्ल काढायची वाट मात्र शेलेचीच राहिली, चुना आणि गंधकाचं तेजाब, आणि कारखान्यांमागे जिप्समचे ढीग. आपल्या जुन्नर-आंबेगावच्या पूर्व भागात विघ्नहर आणि भीमाशंकर हे सहकारी साखर कारखाने आहेत, मळीची वानवा नाही, तेव्हा असा विचार कुणाच्याही मनात येईल. येऊ द्या. पण आज आपल्याला पश्चिमेला जायचंय. ऊस ज्यांच्याकडे आहे त्यांच्याकडे पाणी आहे, रस्ते आहेत, कारखान्यात मत आहे. हिरडा ज्यांच्याकडे आहे त्यांच्याकडे यातलं फारसं काही नाही.

वाटेत एकच थांबा, १९९९, आयआयटी खरगपूर. बाहेर दमट उष्मा, आत ताटांमध्ये भरडलेला हिरडा पसरलाय, भिजवलेला, पण पाण्यात बुडवलेला नाही. त्यावर ऱ्हायझोपस ओरायझी ही दुसरी बुरशी वाढतेय. टॅनिन हिरड्याचं आणि सोबत टेरी शेंगांचं. इथल्या संशोधकांनी आंबवणं हौदातून ताटात आणलं, घन माध्यमावर. त्या लिटरच्या हिशेबाकडे पुन्हा बघा म्हणजे यातलं मर्म कळेल. थंड पाण्याचा प्रत्येक लिटर ११-१२ ग्रॅम आम्ल पोटात घेऊन बसतो. हौदभर पाण्यात आंबवलं तर तेवढं पाणी आटवायला हवं, तेवढं सरपण जाळायला हवं, आणि तरीही आम्ल पाण्यात उरायचंच. ताटात आंबवलं तर पाणी आपण बेतानं घालायचं. आंबवण्याच्या धंद्यात आम्ल तयार करण्यापेक्षा ते पाण्यातून बाहेर काढायला अनेकदा खर्च जास्त येतो. म्हणून कमी पाणी ही अर्धी शुद्धी.

आता परत. साल आजचं. डिंभ्याच्या जलाशयाच्या कडेनं रस्ता वर चढतो. याच पाण्याखाली जुनं आंबेगाव आहे, ज्याचं नाव तालुक्याला आहे. धरणाच्या जलाशयाला हुतात्मा बाबू गेनूंचं नाव दिलंय, तेही याच तालुक्यातल्या महाळुंगे पडवळचे. पुढे तळेघरच्या बाजूला, वर रानात, हिरड्याची झाडं दिसतात, काही शेंडा मोडलेली. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ कोकणातून वर चढलं तेव्हा जुन्नर-आंबेगावच्या पश्चिम पट्ट्यात हिरड्याचं अतोनात नुकसान झालं आणि भरपाईसाठी लोकांना आंदोलनं करावी लागली. भाताचं नुकसान पंचनाम्यात सहज बसतं. रानातल्या झाडाचं बसवायला झगडावं लागतं.

इथे मी तुमच्यासाठी एक पत्र्याची शेड उभी केलीय. ती कल्पनेतली आहे. हिरडा, बुरशी, पाणी आणि त्यांचे नियम खरे आहेत. नाकातोंडाला फडकं बांधा, बुरशीचे बीजाणू फुप्फुसात जाऊ द्यायचे नाहीत. आणि खिशातली लोखंडी किल्लीसुद्धा बाहेर ठेवा. भांडी स्टीलची किंवा काचेची, चमचे लाकडाचे. कोयत्याचं पातं आठवतंय ना? चिमूटभर लोह पाण्यात उतरलं तरी शेवटचे स्फटिक जांभळट होतात आणि औषध कंपनी पोतं परत पाठवते.

दहा किलो हिरडा घ्या. आठळ्या काढा, टॅनिन गरात असतं. गर जाडसर भरडा, पाण्यानं ओला करा, मुठीत दाबला तर गोळा व्हावा पण पाणी गळू नये इतपत. उकडून गार करा, बीजाणू मिसळा, ताटात दोन बोटं जाडीनं पसरा आणि ओल्या फडक्यानं झाका. शेडमध्ये तीस अंशांच्या आसपास ऊब राहायला हवी. ढिगाला स्वतःची ऊब चढते, म्हणून रोज हातानं उसकटा, हवा खेळू द्या. दुसऱ्या दिवशी पांढरी जाळी दिसते, मग काळी भुकटी धरू लागते.

थांबायचं कधी, ते जिलेटिन सांगतं. ताटातलं थोडं घेऊन पाण्यात कालवा, गाळा आणि त्या निवळीत जिलेटिनच्या पाण्याचे दोन थेंब सोडा. गढूळ झालं तर टॅनिन शिल्लक आहे, कारण टॅनिन प्रथिनाला धरतं. कातड्याची आणि तुमच्या जिभेची तीच गोष्ट. पाणी स्वच्छ राहिलं तर टॅनिन सुटून गेलं. साधारण तीन-चार दिवसांत ही वेळ येते. आता एक रात्रही दवडू नका, बुरशी उपाशी आहे.

सगळं पातेल्यात काढा, बेताचं पाणी घाला, उकळी आणा. बुरशी मरते, आम्ल पाण्यात उतरतं. गरम असतानाच गाळा. वर गाळणात चोथा राहतो आणि त्याच्यासोबत पिवळट मातकट साका. हे एलॅजिक आम्ल, हिरड्याच्या टॅनिनमधून सुटणारा दुसरा भाऊ, जो गरम पाण्यालाही दाद देत नाही. बर्मंडझीच्या हौदातला गाळ तोच होता. वेगळा ठेवा, त्यालाही गिऱ्हाईक आहे.

खाली आलेली निवळी काळीतांबडी आहे, निवळी म्हणायला जीभ धजत नाही. ती मंद आचेवर आटवा, अर्ध्याच्या खाली आणा आणि झाकून रात्रभर बाहेर ठेवा. घाटमाथ्याची थंडी इथे फुकटचं यंत्र आहे. कोपिंगला शेलेच्या खिडकीत जी होती तीच. सकाळी झाकण काढा. तळाला आणि भिंतीला सुया धरल्यात. चहाच्या रंगाच्या, गिचमिड, पण सुया.

पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं झालं काम. खरं काम आता सुरू होतं. सुया गाळणात घ्या आणि बर्फाइतक्या थंड, अगदी थोड्या पाण्यानं धुवा. जास्त पाणी ओतलंत तर मालच वाहून जाईल. मग त्या कमीत कमी आधणात विरघळवा. रंग घालवायला सक्रिय कोळशाची पूड लागते आणि हात सैल सुटतो तो इथेच. कोळसा रंग ओढतो तसंच गॅलिक आम्लही ओढतो. रंग पूर्ण उडवायच्या नादात चमचे ओतलेत तर पांढरंशुभ्र पण निम्मंच आम्ल हाती येईल. चिमटीनं घाला, दहा मिनिटं ढवळा, गाळा. गाळणं आधी उकळत्या पाण्यानं तापवून घ्या, नाही तर आम्ल फडक्यातच गोठतं आणि खाली नुसतं पाणी जातं.

या वेळी थंड होऊ द्यायचं ते घाई न करता. पातेलं गोणपाटात गुंडाळून ठेवा. झपाट्यानं गार झालं तर स्फटिक बारीक होतात आणि वाढताना घाण पोटात घेतात. सावकाश वाढलेली सुई आपल्याजोगा रेणू निवडत जाते, परका बाहेर ठेवते. दुसऱ्या दिवशी सुया फिकट, मळकट पांढऱ्या. तिसऱ्या खेपेला जवळजवळ पांढऱ्या. पाण्याचा एक रेणू पोटात धरूनच त्या जमलेल्या असतात, म्हणून मंद उबेत वाळवा, भट्टीत नको.

एक चिमूट कागदावर घ्या. या पुडीतून पुढे ट्रायमेथोप्रिम बनवता येतं. को-ट्रायमोक्साझोलच्या गोळीतल्या दोन औषधांपैकी एक ते, आणि ही गोळी कुठल्याही प्राथमिक आरोग्य केंद्राच्या कपाटात सापडेल. हिच्यापासूनच तेल खवट होऊ न देणारं प्रोपिल गॅलेट होतं. जगाचा पुरवठा मुख्यतः चीनमधल्या झाडांवरच्या गाठी आणि पेरू देशातल्या तारा शेंगा यांच्यातून होतो, बहुतेक तेजाब किंवा अल्क वापरून. आपल्या दोन तालुक्यांतला हिरडा आजही बहुतांशी वाळवून, पोत्यात भरून, पोत्याच्या भावानं जातो. १८८५ च्या वाण्याच्या जागी आता व्यापारी आहे, कधी आदिवासी विकास महामंडळाची खरेदी आहे. २००६ च्या वनहक्क कायद्यानं गौण वनोपजाची मालकी कागदावर गावाकडे आली आहे. त्या कायद्यात साठवणं, विकणं बसतं, प्रक्रिया करणंही बसतं. मालकी झाडाखाली पडलेल्या हिरड्याची असेल तर ती पातेल्यातल्या सुयांचीही आहे, असं मला ठामपणे वाटतं. त्यासाठी लागणारं यंत्र मोठं नाही. हिशेब मोठा आहे: सरपण किंवा वीज किती, आम्ल हाती किती, त्यातलं लोह किती, आणि हे तपासून देणारी प्रयोगशाळा कोणती. पुण्यात पाषाणला १९५० पासून राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आहे. तळेघरहून तिथे जायला एक दिवस पुरतो.

अजून निघू नका, पातेल्यात तांबडं पाणी उरलंय आणि ते ओतून द्यायचं नाहीये. त्यात लिटरमागे आपले ११-१२ ग्रॅम आहेतच, शिवाय चेब्युलिक आम्ल, उरलीसुरली साखर, रंग. पुढचं ताट उकळायला ताजं पाणी घेऊ नका, हेच घ्या. ते आधीच आम्लानं भरलेलं असल्यामुळे नव्या ताटातलं जवळजवळ सगळं आम्ल सुया होऊन बाहेर पडेल. चार-पाच खेपा असं चालतं. मग पाणी इतकं गढूळ आणि चिकट होतं की सुया धरेनाशा होतात. तेव्हा त्यात थोडं तेजाब घालून ते चांगलं आंबट करायचं, सामू दोनच्या आसपास, म्हणजे गॅलिक आम्लाचे रेणू विद्युतभार सोडून पाण्याशी नातं सैल करतात. आणि इथिल ॲसिटेटबरोबर ते घुसळायचं. वर तरंगणारा इथिल ॲसिटेटचा थर आम्ल उचलतो, साखर आणि बराचसा चिकटा खाली पाण्यात राहतो. हा द्रावक ज्वालाग्राही, तेव्हा चुलीच्या आसपास हे काम करायचं नाही. पक्की बंद भांडी आणि द्रावक परत मिळवायची सोय हवी. पत्र्याच्या शेडमध्ये ते होणार नाही. पाच-सात गावांनी मिळून घोडेगावला किंवा जुन्नरला एकच जागा करावी आणि प्रत्येक शेडनं आपलं शेवटचं तांबडं पाणी कॅनमध्ये भरून तिथे पाठवावं. कॅनवर गावाचं नाव आणि खेपेचा क्रमांक खडूनं नको, पक्क्या शाईनं लिहा, कारण तिथे पाणी एकत्र करण्याआधी प्रत्येक कॅनमधलं आम्ल मोजलं जाईल आणि पैसे त्या आकड्यावर ठरतील.